मागची रांग

"मठ्ठ पोरीला काही औषध असतं का, बाबा?"

सोमगीर बाबा मठाच्या ओसरीवर पोथी पुसत बसले होते. विचारणारे होते केदारी मास्तर. लहानपणी याच ओसरीवर त्यांनी बाबांसमोर धुळाक्षरं गिरवली होती. आता ते गावच्या शाळेत तिसरीला शिकवत. कडक शिस्तीचे मास्तर म्हणून त्यांचं नाव होतं, आणि ते त्यांना आवडायचं.

"कोण मठ्ठ?"

"कौसल्या. भिकाजीची. आज तिन्हीसांजेला तिचा बाप येणार आहे विचारायला... शाळेत ठेवू की शेळ्यांमागं धाडू? मी सांगणार, काढून ने."

"काहीच येत नाही तिला?"

"तोंडी विचारा, पाढे घडाघडा म्हणते. फळ्यावरचं गणित मात्र चुकणारच. डोळे बारीक करते, मान तिरकी करते, पुस्तक नाकाला लावते. नुसती सोंगं! वर शेजारणीच्या वहीत बघून लिहिते."

"मग तू काय केलंस?"

"माझ्या वर्गाचा नियम आहे, बाबा. चुकलं की एक रांग मागं. जूनमध्ये पहिल्या रांगेत होती. आता पाठ भिंतीला टेकलीय."



बाबांनी पोथी उघडून मास्तरांसमोर धरली.

"वाच."

मास्तरांनी खणखणीत आवाजात ओवी वाचली.

"आता खाली पायरीपाशी जा. तिथून पुढची वाच."

मास्तर हसत गेले. डोळे बारीक केले. मान तिरकी केली. दोन शब्द लागले, तिसरा चुकला.

"सोंगं नकोत. चुकलास. तुळशीपाशी जा."

"बाबा, तिथून तर..."

"नियम तुझाच आहे."

मास्तर अंगणात तुळशीपाशी जाऊन उन्हात उभे राहिले. तिथून पोथीचं पान तेवढं दिसत होतं. अक्षर एकही नाही.

"वाच की! एरवी घडाघडा बोलतोस. मठ्ठ आहेस का?"

मास्तर पुन्हा डोळे बारीक करू लागले... आणि थबकले.

ओसरीवरून एक चिमणी उडाली.

"बाबा... तालुक्याला डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात?"

"गुरुवारी."

"मग गुरुवारी मीच नेतो तिला. बापालाही तसंच सांगतो. शाळेतून काढायचं नाही."

बाबांनी मान डोलावली आणि पोथी बासनात बांधायला घेतली.

ऊन चटकत होतं. मास्तर अजून तुळशीपाशीच उभे होते.

"आता पुढं येऊ का, बाबा?"

"ती पुढच्या रांगेत आली की ये."