भिवराने राखलेली उघाडी

एक होती खाडी, आणि खाडीकाठी राहायची भिवरा. तिचा नवरा राणोजी गलबतावर तांडेल होता. लग्नाला वर्ष झालं नाही तोच गलबत लांबच्या मुलखाला निघालं. जाताना तो तिला म्हणाला, भरतीबरोबर येईन, होडी थेट अंगणाला लावीन. तेव्हा भरतीचं पाणी अगदी अंगणात यायचं, बरं का.

मग एक वर्ष गेलं, दोन गेली, सहा गेली. खाऱ्या पाण्याने शेत पिकेना, पोरं अर्धपोटी झोपायची. तुमच्यासारखी ताटात भात टाकत नव्हती ती. मग सगळ्या गावाने चिखल तुडवून खाडीला बांध घातला. भिवरानेही टोपल्या वाहिल्या. बांधाच्या पोटात एक लाकडी दार ठेवलं. त्याला म्हणतात उघाडी. ओहोटीला उघडून पावसाचं पाणी सोडायचं, भरतीला घट्ट लावायचं. भिवराचं घर जवळ, म्हणून ते काम तिच्याकडे आलं.

पण दार लावताना तिचा जीव तुटायचा. राणोजी आता येईल कुठून? त्याची वाट आपल्याच हाताने बुजवली, असं तिला वाटे.

एका भरतीला तिला राहवलं नाही. तिने दार चार बोटं उघडलं. पाण्याबरोबर एक बोय मासा आत आला. म्हणाला, राणोजी जिवंत आहे. भिवरा हरखली. पण तिच्या शेतातली रोपं मिठाने पिवळी पडली.

मग दुसऱ्या भरतीला तिने दार वीतभर उघडलं. एक कुर्ली, म्हणजे मोठी खेकडी, तुरुतुरु आत आली. म्हणाली, पाण्यातल्या किल्ल्याभोवती त्याची होडी फिरतेय, धुक्यात वाट मिळत नाही. आपण जत्रेला बघतो ना, तोच किल्ला. या वेळी शेजारच्या म्हातारीचं शेत मिठाने जळलं. म्हातारी नुसती बांधावर बसून राहिली.

मग आलं उधाण. खाडी स्वतः दाराशी येऊन बोलली, "सगळं दार उघड गं. तुझा राणोजी अंगणात आणून सोडते. पण माझं मीठही येईल. तीन वर्षं इथे भात होणार नाही."

भिवराचा हात दारावर होता. केवढी आस लागली होती तिला! तिने म्हातारीच्या शेताकडे पाहिलं, आणि दार लावून त्याला पाठ टेकून बसली. ओहोटी लागेपर्यंत रडत बसली बिचारी.

मग उरलेलं भात पिकलं. कापणी झाली, मळणी झाली, आणि एका सकाळी घराघरात नव्या भाताची पेज शिजायला लागली. म्हातारीलाही सगळ्यांनी सूपसूपभर दिलं होतं. सकाळचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. तो वास धुक्यात शिरला, किल्ल्यापर्यंत गेला.

दुपारी बांधावरून एक माणूस चालत आला. केस पांढरे, अंगावर मिठाचे पापुद्रे.

"पाण्याची वाट सापडेना," राणोजी म्हणाला. "भाताचा वास आला, त्याच्या मागे आलो."

"बसा," भिवरा म्हणाली, "वाढते."

तिने वाढलं, आणि तो जेवताना इतक्या वर्षांचं रडून घेतलं. मग दोघं बांध राखत सुखात म्हातारी झाली. झालं. आता पांघरुणं ओढा, मिटा डोळे, आणि तुम्हीही सुखात राहा.