झोताखालच्या शेगड्या

एकदा एका डोंगरावर एक वृद्ध शास्त्रज्ञ आणि त्यांची शिष्या वृंदा विजेचा प्रयोग करीत होते. तार नाही, खांब नाही. इकडून लेझरचा झोत सोडायचा, दरीपलीकडच्या दवाखान्याच्या छपरावर तो सौरपट्टीने झेलायचा आणि त्याची वीज करून लशींचा फ्रिज चालवायचा. मधली हवा मात्र द्वाड. तापली की झोत हलवते. म्हणून हवेचा कल ओळखून झोत वळवणारा आरसा आपोआप सावरणारे यंत्र वृंदेने हवेच्या नोंदी देऊन शिकवून तयार केले होते.

सकाळी झोत नेमका बसे. दुपारी भरकटे, फ्रिज बंद पडे. उद्या दुपारी तपासणी होती. त्यात चुकले की योजना गुंडाळली जाणार, आणि लशी पुन्हा बर्फाच्या पेटीतून डोंगर चढणार.

आणि तपासणीच्या आदल्याच सकाळी म्हाताऱ्याने झोताच्या वाटेखाली शेगड्या पेटवल्या.

वृंदा धावत आली. "सर, हे काय? चांगल्या नोंदी घ्यायची हीच तर वेळ. सगळी हवा नासवलीत."

"मग नासक्या हवेच्या घे."

"त्या फेकूनच द्याव्या लागतात."

"आजवर किती फेकल्यास?"

दुपारच्या थरथरत्या नोंदी ती रोज खराब म्हणून वगळत होती. यंत्राला स्वच्छ तेवढेच द्यावे, असे ती शिकली होती. शिकलेल्यांचा हा जुना आजार.

वृद्ध म्हणाले, "पोरी, तांदूळ निवडावेत तशी तू हवा निवडलीस. यंत्राला वाटतं, हवा म्हणजे सकाळच. दुपारी ते गांगरलं तर त्याचा काय दोष? तू ज्याला खराब म्हणतेस, त्यातूनच झोत जायचा आहे. उद्यापर्यंत आपल्या हाती एकच दुपार आहे. शेगडी पेटवली की सकाळीही दुपार होते. बस आता, कर सुरू."

वृंदा बसली. शेगड्या कमी केल्या, वाढवल्या, पंख्याने वारा घातला. टाकलेल्या नोंदीही परत घेतल्या. दिवसभर यंत्र चुकत राहिले, ती शिकवत राहिली.

दुसऱ्या दिवशी कातळ तापला. झोत थरथरला, सरकला, आणि पट्टीवर परत आला. पलीकडून नर्सबाईंचा फोन आला, "फ्रिज घुरघुरतोय हो अजून."

तपासणीवाले गेले. वृद्ध राख भरू लागले, तशी वृंदेने शेगडी धरून ठेवली.

"सर, पावसाळ्यात धुकं येईल."

"येईल."

"ते आताच दाखवायला हवं यंत्राला."

वृद्धांनी पाण्याचे पातेले तिच्याकडे सरकवले. तिने ते शेगडीवर चढवले.