चढावरची हाक

"बाई, माझं नाव तुम्हीच खोडलंत ना?"

"हो, मीच."

सिव्हर्ट दारातच खिळला. बर्फावर स्की बांधून लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारा, नॉर्वेच्या संघात अठरा वर्षं मुरलेला गडी. वय अडतीस. हा त्याचा शेवटचा हिवाळा, आणि संघात जागा उरली होती एकच. निवड समिती हाल्डिसबाईंच्या शब्दाबाहेर नव्हती. सहाव्या वर्षी त्याच्या पायात स्की बांधल्या त्या याच बाईंनी.

"चार पदकं आणली मी! थंडीनं पायाची नखं झडली माझ्या. आणि जागा कुणाला, तर त्या एर्लेंडला? मिसरूड तरी फुटलंय का त्याला?"

"परवाच्या चाचणीत त्यानं तुला मागून गाठलं. चढावर."

"गाठलं असेल."

या शर्यतीत एकेकाला अर्ध्या मिनिटाच्या अंतरानं सोडतात. मागच्यानं गाठलं की तो ओरडतो, "वाट!" मग पुढच्यानं बर्फात कोरलेल्या चाकोरीतून मुकाट्यानं बाजूला व्हायचं. शेंबडं पोरही हे पाळतं हो तिकडे!

"तीनदा ओरडला तो," बाई म्हणाल्या. "तू हलला नाहीस. वळणावर मी उभी होते."

"वारा होता, बाई. ऐकूच आलं नाही. तुमची शपथ."



बाईंनी भिंतीला टेकवलेल्या स्की उचलल्या. "चल, जरा पाय मोकळे करू."

दोघं स्की बांधून चाकोरीला लागली. ऐंशीची म्हातारी. वारा तिला लागू नये म्हणून सिव्हर्ट पुढे झाला. तेवढी माया होती त्याच्यात, खोटं कशाला बोला. पण तोंड थांबेना. समिती नालायक, पोरं माजलेली, अठरा वर्षं राबलो त्याची कुणाला किंमत नाही...

चढ लागला. वारा नुसता घोंघावत होता.

मागून बाई अगदी हळू म्हणाल्या, "वाट."

सिव्हर्टची बडबड अर्ध्यावर तुटली. पाय आपसूक चाकोरीबाहेर पडले आणि तो भुसभुशीत बर्फात घोट्यापर्यंत रुतला.

बाई शेजारून पुढे गेल्या. चार पावलांवर थांबल्या. त्यांना रडू फुटत होतं, ते त्यांनी तसंच गिळलं.

"बाई..."

"कान शाबूत आहेत की रे तुझे."