खांदेकरी

“तिघं एकत्र बसलो, त्यात वाईट काय झालं, महाराज?”

येमूलअण्णांनी पुन्हा विचारलं. भानगिरी गोसावी चुलीत शेणी सारत राहिले.

स्मशानाच्या कडेला गोसाव्यांची पत्र्याची शेड होती. समोर राजेशम चिप्पाची चिता अजून धुमसत होती. राजेशम चादरींच्या कारखान्यात मागावर काम करायचा. रक्त ओकून गेला. महागाई भत्ता गोठल्यापासून त्याचं औषध बंद होतं.

अण्णा त्याच्याच युनियनचे अध्यक्ष. माणूस लबाड नव्हता, नुसता मोठा झाला होता, आणि ते मोठेपण त्याला फार मानवलं होतं. अडचण आली की मात्र गोसाव्यांचे पाय धरायला यायचा.

“हे देशाचं धोरण आहे,” अण्णा म्हणाले. “सरकार, मालक, युनियन, तिघांनी मिळून धंदा सावरायचा. सरकारनं वीज स्वस्त केली. मालकांनी कारखाने चालू ठेवले. आम्ही भत्ता सोडला, संप सोडला. प्रत्येकानं थोडी झीज सोसली.”

“बरं.”

“आज मयतीला बघितलंत ना? एकीकडे मालक, एकीकडे लेबर ऑफिसर, मागे मी आणि त्याचा भाऊ. साहेबलोकांनी कामगाराला खांदा दिला! आपल्या गावात असं कधी घडलं होतं?”

“न्हाई घडलं.”

“मग? दुपारी दुसऱ्या कराराच्या सह्या आहेत. भत्ता आणखी दोन वर्षं गोठणार. लोक कुरकुरतायत, पण माझ्या शब्दाबाहेर कुणी जाणार नाही. तुम्ही फक्त आशीर्वाद द्या.”

गोसाव्यांनी हातातली शेणी खाली ठेवली.

मग उठले. भिंतीला टेकवलेली पालिकेची लोखंडी तिरडी त्यांनी फरफटत आणली आणि अण्णांच्या पुढ्यात आडवी टाकली.

“नीज.”

“...कुठं?”

“हिच्यावर. लई खांदं दिलंस. आता वर नीज.”

एवढ्या सभा गाजवलेला माणूस, पण अण्णांची नजर फाटकाकडे गेली. फाटकाशी मालकांची गाडी त्यांच्यासाठी थांबली होती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

“काहीतरीच काय, महाराज!” अण्णा मागे सरत ओरडले. “मी जिवंत माणूस आहे!”

गोसाव्यांनी चितेकडे पाहिलं...

“पहिल्या सह्या झाल्या, तवा त्यो बी जित्ता हुता.”