लेकीसाठी कोयीचं सत्त्व

फार फार वर्षं झाली. तेव्हाच्या राजांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक आई राहत होती. तिची एकुलती एक लेक नदीपलीकडे, पाच दिवसांच्या वाटेवर दिली होती. आईचा जीव सदा तिकडेच लागलेला. घास घेताना आठवण, दिवा लावताना आठवण. पण लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या सासरी पाऊल टाकायचं नाही, अशी त्या गावची रीत होती. ही रीत ज्यानं घातली, त्याला लेक नसावी.

एके दिवशी लेकीचा दीर दारात आला. म्हणाला, "मावशी, वहिनीला दिवस गेलेत. पण पोटात अन्नाचा कण ठरत नाही, पार वाळून गेलीय. वैद्य म्हणतो, असंच चाललं तर बाळ हाती लागायचं नाही. आणि तिचा एकच धोशा, माहेरच्या दारचा आंबा हवा."

आई धावत परसात गेली. आंब्याचा हंगाम नुकताच संपला होता. झाडाखाली उरला होता नुसता कोयींचा ढीग, गावानं चोखून फेकलेल्या. त्यावरच बसून ती रडू लागली.

शेजारी एक खार कोय कुरतडत होती. ती म्हणाली, "बाई गं, जे संपलं त्याच्यासाठी रडतेस आणि जे उरलं त्याच्यावर बसतेस!"

"या कोयी? तोंडात धरवत नाहीत."

"तुरट आहेत खऱ्या. पण माझी पिल्लं यांच्यावरच वाढली."

आईनं डोळे पुसले. कोयी फोडल्या, आतला गर वाटला, पाण्यात कालवून फडक्यानं गाळला. गव्हाच्या चिकासारखा तळाशी पांढरा साका बसला. तिनं बोट लावून चाखलं. जीभ ओढून आली. वरचं पाणी ओतून तिनं नवं घातलं. दीर घाई करत होता, तिच्या जिवाला तर त्याहून घाई होती. तरी तिनं तीन दिवस पाणी बदललं, तेव्हा कुठे तुरटपणा गेला. मग सत्त्व उन्हात वाळवून तिनं पुरचुंडी बांधली. "दुधात शिजवून द्या," एवढंच बोलली. आणखी बोलली असती तर रडू फुटलं असतं.

महिन्यानं दीर परत आला.

"काय म्हणाली रे ती?"

"पहिला घास घेतला आणि म्हणाली, याला आंब्याची चवच नाही."

आईचा चेहरा पडला.

"मग म्हणाली, पण हात आईचा आहे. आणि मावशी, वाडगा पुसून खाल्लान्! तेव्हापासून अन्न ठरतंय."

पुढे लेकीला मुलगी झाली. आई पाच दिवस चालत गेली. लेकीच्या उंबऱ्यावर दोघी गळ्यात पडून मनसोक्त रडल्या, आणि बाळही त्यांच्या सुरात सूर मिसळून रडलं.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही ऐका: सरलेल्या गोडव्यासाठी झुरताना मागे काय उरलंय तेही पाहावं, माया त्यातूनच वाट काढते.