चिंचोकीच्या दाराचा दात

आटपाट गल्ली होती. गल्लीत एक घर होतं. चिक्कीवाल्यांचं घर!

तिथे दिवसभर गुळाचा पाक शिजायचा. रटरट रटरट! दिवसभर शेंगदाणे उडायचे. तडतड तडतड! आणि दिवसभर घरातले सगळे चिक्की खायचे. कुडुम कुडुम! कुडुम कुडुम!

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होतं एक बीळ. बिळात राहायची एक उंदरी. इवलीशी. चिंचोक्याएवढी. म्हणून तिचं नाव चिंचोकी. तिच्याबरोबर तिची आई. आणि चार तान्ही भावंडं. त्यांचे डोळेसुद्धा अजून उघडले नव्हते.

बिळाला होतं एक दार. कसलं दार? लाकडाचं? नाही. पत्र्याचं? नाही. दातांचं!

हसू नका. खरंच दातांचं! या घराची रीतच होती तशी. लेकराचा दुधाचा दात पडला, की तो बिळापाशी ठेवायचा. आणि म्हणायचं,

"उंदीरमामा, हा दात घ्या,
तुमच्यासारखा घट्ट द्या!"

उंदीर तो दात घ्यायचे. दारात बसवायचे. बाबांचा दात होता त्या दारात. आत्याचा होता. दादाचाही होता.

पण दादाचा दात होता किडका. एके संध्याकाळी काय झालं? भुस्स! त्या दाताचा झाला भुगा. दाराला पडलं भोक. भोकातून आला एक पंजा. कर्र कर्र! कर्र कर्र!

बोका!

चिंचोकीची आई धावली. शेंगेचं टरफल उचललं. भोकावर लावलं. दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं. पण टरफलच ते. किती टिकणार?

"चिंचोके, पळ!" आई म्हणाली. "जाईचा दात हलतोय. तो घेऊन ये. पण मागून आण हं. चोरायचा नाही. आणि दिवे मालवायच्या आत ये. अंधार झाला, की बोका आणखी जोर करेल."

बिळाला मागे होती एक फट. चिंचोकी मावेल एवढीच. चिंचोकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

जाई पाटावर बसली होती. सहा वर्षांची जाई. जिभेने दात हलवत होती. डुगडुग डुगडुग!

चिंचोकी म्हणाली,

"जाईताई, जाईताई, दात दे!
दात मिळेना,
दार लागेना,
बोका हटेना,
आई माझी एकटी!"

जाई म्हणाली, "देईन की! पण बघ ना, केवढी चिक्की चिकटलीय. आणि पडतच नाही मेला. नुसता डुगडुगतो."

"मग दात घास ना! चिक्की निघेल. दातही निघेल."

"मी नाही बाई! दादा घासेल, तर मी घासेन."

चिंचोकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

दादा पांघरुणात शिरला होता. जेवल्या जेवल्या! गालात चिक्कीचा तुकडा. चोरून आणलेला.

चिंचोकी म्हणाली,

"दादा रे दादा, दात घास!
जाई घासेना,
दात मिळेना,
दार लागेना,
बोका हटेना,
आई माझी एकटी!"

दादा म्हणाला, "मला झोप आलीय. मी नाही बुवा! आई घासेल, तर मी घासेन."

चिंचोकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

जाईची आई चुलीपाशी होती. पाक ढवळत होती. ढवळता ढवळता चाटत होती. एक बोट, दोन बोटं!

चिंचोकी म्हणाली,

"काकू गं काकू, दात घास!
दादा घासेना,
जाई घासेना,
दात मिळेना,
दार लागेना,
बोका हटेना,
आई माझी एकटी!"

जाईची आई म्हणाली, "अगं, अजून एक घाणा व्हायचाय! मला कुठला वेळ? मी नाही बाई! हे घासतील, तर मी घासेन."

हे म्हणजे कोण? हे म्हणजे जाईचे बाबा!

कोपऱ्यातून आवाज आला. कर्र कर्र! कर्र कर्र! चिंचोकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

बाबा चिक्की डब्यांत भरत होते. एक वडी डब्यात. एक वडी तोंडात. कुडुम कुडुम!

चिंचोकी म्हणाली,

"काका हो काका, दात घासा!
काकू घासेना,
दादा घासेना,
जाई घासेना,
दात मिळेना,
दार लागेना,
बोका हटेना,
आई माझी एकटी!"

बाबा म्हणाले, "सकाळी घासले की! दिवसातून दोनदा कोण घासतं? मी नाही बुवा! आमची आई मिश्री सोडेल, तर मी घासेन."

आमची आई म्हणजे कोण? जाईची आजी!

चिंचोकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

आजी उंबऱ्यावर बसली होती. हातात डबी. डबीत मिश्री. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. काळाकुट्ट! आजी तो बोटाने दातांना लावायची. म्हणायची, याने दात साफ होतात. कसले होतात! हिरड्या सुजून टम्म. भाकरीचा घास चावला, की "अगं आई गं!"

चिंचोकी म्हणाली,

"आजी गं आजी, मिश्री सोड!
काका घासेनात,
काकू घासेना,
दादा घासेना,
जाई घासेना,
दात मिळेना,
दार लागेना,
बोका हटेना,
आई माझी एकटी!"

आजी म्हणाली, "चाळीस वर्षं लावतेय मी! आता सोडू होय? मी नाही बाई! आमचे हे कवळी धुतील, तर मी मिश्री सोडेन."

आता हे 'हे' कोण? हे जाईचे आजोबा!

कर्र कर्र! कर्र कर्र! चिंचोकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

आजोबा खाटेवर बसले होते. आजोबा खाटेवर आणि दात पेल्यात! हो, पेल्यात. आजोबांचे दात होते खोटे. त्यांना म्हणायचं कवळी. तोंडात घालायची, काढायची. पण धुवायची? छे! कवळीला चिक्की तशीच चिकटलेली. कालची आणि परवाचीसुद्धा.

चिंचोकी म्हणाली,

"आजोबा हो आजोबा, कवळी धुवा!
आजी मिश्री सोडेना,
काका घासेनात,
काकू घासेना,
दादा घासेना,
जाई घासेना,
दात मिळेना,
दार लागेना,
बोका हटेना,
आई माझी एकटी!"

आजोबा म्हणाले, "मला कवळीचं काय सांगतेस? दोन दिवस झाले, बाळ तोंड उघडत नाही. पेज खात नाही. नुसती किरकिर! माझं कशात लक्ष नाही. मी नाही बुवा! बाळ तोंड उघडेल, तर मी कवळी धुवेन."

चिंचोकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! पाळण्याच्या दोरीवरून सरसर सरसर वर!

पाळण्यात होतं बाळ. जाईचा धाकटा भाऊ. गाल फुगलेले. ओठ घट्ट मिटलेले.

चिंचोकी म्हणाली,

"बाळा रे बाळा, तोंड उघड!
आजोबा कवळी धुवेनात,
आजी मिश्री सोडेना,
काका घासेनात,
काकू घासेना,
दादा घासेना,
जाई घासेना,
दात मिळेना,
दार लागेना,
बोका हटेना,
आई माझी एकटी!"

बाळ म्हणालं, "मंऽऽ!"

बस्स. आणखी काहीच नाही. बाळाला बोलता कुठे येत होतं? 'अमका करेल, तर मी करेन' असंही ते म्हणालं नाही. आता कुणाकडे जायचं? पुढे कुणी नव्हतंच.

टक! ओसरीवरचा दिवा गेला. कर्र कर्र! कर्र कर्र!

चिंचोकीला रडू फुटलं. चुंई चुंई! चुंई चुंई! एवढं घर हिंडली. एवढी सगळी मोठी माणसं. पण एकही जागचं हललं नाही. ती हुंदके देऊ लागली. हुंदक्याबरोबर तिचं शेपूट हललं. बाळाच्या तळपायाला लागलं. गुदुगुदु गुदुगुदु!

बाळ हसलं. खी खी खी!

बाळाने तोंड उघडलं. भलंमोठं! आणि आत काय? खालच्या हिरडीवर, मधोमध, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी चमकलं.

"दात!" आजोबा ओरडले. "अहो, बाळाला दात आला!"

सगळे धावले. आजी आली. बाबा आले. चूल विझवून जाईची आई आली. दादा पांघरुणासकट आला. जाई तर सगळ्यांच्या पायांमधून आली.

आजोबांनी मऊ फडकं घेतलं. पाण्यात भिजवलं. बोटाला गुंडाळलं. बाळाची हिरडी हळूच पुसली. दात हळूच पुसला. बाळाची किरकिर थांबली.

आजोबांचे डोळे भरून आले. "माझे बत्तीसच्या बत्तीस गेले," ते म्हणाले. "कुणी नेले नाहीत. मीच घालवले. आळस केला, दुसरं काय! याचा हा दात नाही जाऊ द्यायचा."

आजोबा तरातरा मोरीवर गेले. पेला उपडा केला. ब्रश घेतला. कवळी घासली. खसखस खसखस! धुतली. खळखळ खळखळ! मग ओल्या फडक्याने हिरड्याही पुसल्या.

आजोबांनी कवळी धुतली, तशी आजी उठली. डबी कचऱ्याच्या टोपलीत टाकली. ठण्ण! "गेली एकदाची," आजी म्हणाली. जाईच्या आईने तिला नवा ब्रश दिला. मऊ मऊ! आजीने हिरड्यांवरून हळूच फिरवला. सरसर सरसर!

आजीने मिश्री सोडली, तसे बाबा मोरीवर आले. खसखस खसखस!

बाबा घासू लागले, तशी जाईची आई आली. खसखस खसखस!

जाईची आई घासू लागली, तसा दादा आला. गालातली चिक्की हळूच काढून ठेवली. खसखस खसखस!

दादा घासू लागला, तशी जाई आली. मोरीत आता पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाचा कोपर कुणाच्या पोटात! कुणाचा फेस कुणाच्या पायावर! पण जाई घुसलीच.

खसखस खसखस! वरचे दात घासले. खसखस खसखस! खालचे दात घासले. आतून घासले, बाहेरून घासले. मग हलणाऱ्या दाताशी आली. हळूच. अगदी हळूच.

डुगडुग... डुगडुग... टप्प!

दात पडला! जाईने चूळ भरली. खुळखुळ खुळखुळ! दात धुतला. पांढराशुभ्र! ना कीड, ना डाग. जाईने तो तळहातावर घेतला. चिंचोकीपुढे धरला.

"उंदीरताई, हा दात घे,
तुझ्यासारखा घट्ट दे!"

"देते, देते!" चिंचोकी म्हणाली. दात तिच्या डोक्याएवढा. तो तोंडात धरला आणि ती सुसाट निघाली. तुरुतुरुतुरुतुरुतुरु!

टक! माजघरातला दिवा गेला.

मागच्या फटीतून चिंचोकी आत शिरली. तान्ही भावंडं एकमेकांना बिलगली होती. चिंचोकीची आई भोकाशी उभी होती. दोन्ही हात अजून टरफलावर. टरफल तडकलं होतं. तडकलेल्या टरफलातून एक नख आत आलं होतं. लांब. वाकडं.

"आई, हो बाजूला!"

आई बाजूला झाली. टरफल पडलं. पंजा आत आला. चिंचोकीने दात उचलला, डोकं लावलं, आणि दिला ढकलून!

म्याऊं! पंजा बाहेर.

खट्ट! दात भोकात.

बोक्याने ओरखडलं. कर्र कर्र! दात हलला नाही. बोक्याने पुन्हा ओरखडलं. कर्र कर्र! दाताला साधा चरासुद्धा पडला नाही. बोक्याची नखं मात्र दुखली. बोका फिस्कारला. शेपटी आपटली. आणि गेला निघून खिडकीतून.

दात मिळाला,
दार लागलं,
बोका हटला!

चिंचोकीची आई खाली बसली. किती वेळ उभी होती बिचारी! चिंचोकी तिच्या कुशीत शिरली. चार भावंडं दोघींच्या अंगावर चढली. आई आता एकटी नव्हती.

गोष्ट आमची सरली,
चूळ तुमची उरली!