लॉनमधला तुरा

“...आन् ते थांबतं कवा?” बुवांनी विचारलं.

थांबत नाही, असं हेरंब कारखानीसांनी सांगितलं. बॅटरी उतरली की गवत कापायचं यंत्र आपणहून त्या छपराखाली जातं, पोटभर वीज घेतं आणि पुन्हा कामाला लागतं. त्याला बोलवावं लागत नाही आणि त्याच्या मागे उभंही राहावं लागत नाही.

“पाऊस आला मंजी?”

पाऊस आला तरी छपराखाली जाऊन बसतं.

“शानं हाय,” बुवा म्हणाले आणि उकिडवे बसून यंत्राकडे पाहू लागले.

हेरंबरावांची पंचाईत झाली. सोमजीबुवा गेल्या नऊ वर्षांत टेकडीवरच्या मठीतून खाली उतरले नव्हते. हेरंबरावांनी महिनाभर गळ घातली, तेव्हा कुठे आज आले होते. त्यांना धरणाचं पाणी दाखवायचं होतं, ध्यानाची खोली दाखवायची होती. आणि बुवा तासभर कंबरेत वाकून, हात मागे बांधून, गवत कापणाऱ्या एका यंत्राच्या मागे मागे हिंडत होते.

जागा होतीच तशी देखणी. पाण्याकाठी दोन एकर हिरवळ, आणि तिच्यावर बारा कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं. आत ओटा, पलंग, न्हाणी, सगळं असतं. शहरातली माणसं शनिवारी येतात, दारात खुर्च्या टाकून बसतात आणि रविवारी जातात. आज मंगळवार होता. हिरवळीवर दोन यंत्रांखेरीज कुणी नव्हतं.

यंत्रं कासवाच्या बेताने चालत. कॅरॅव्हॅनच्या चाकाला टेकली की वळत. काठाशी हेरंबरावांनी स्वतः जमिनीत पुरलेली तार होती, तिच्याशी आली की तिथूनही वळत. तीस वर्षं कारखान्यात इंजिनिअर म्हणून काढलेला माणूस. त्या तारेला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

“रोज कापतं?”

“रोज. वाढूच देत नाही. पातं दोन बोटांवर गेलं की संपलं. आणि कापलेलं इतकं बारीक, की तिथल्या तिथे जिरून जातं. कचरासुद्धा दिसत नाही.”

बुवांनी मान डोलावली. हेरंबरावांना वाटलं, विषय काढायची हीच वेळ आहे.

विषय पौर्णिमेचा होता. तीन वर्षं दर गुरुवारी टेकडी चढून झाल्यावर त्यांनी बुवांकडे दीक्षा मागितली होती. दीक्षा म्हणजे घर सुटणार, आडनाव सुटणार, आणि बायको कुमुदही सुटणार. पौर्णिमा आठ दिवसांवर आली होती आणि बुवांनी अजून हो म्हटलं नव्हतं. कुमुदला त्यांनी हे बदलीची बातमी सांगावी तसं सांगून टाकलं होतं. ती काही बोलली नाही. तिला ते फार लागलं होतं. पण ती बोलली नाही, याचा अर्थ हेरंबरावांनी आपल्या सोयीने होकार असा लावला.

“बुवा, खरं सांगू?” ते बुवांशेजारी गवतावर बसले. “तीन वर्षांत मी मनाचं हेच केलंय. काही वर आलं की छाटतो. राग आला, छाटला. ओढ वाटली, छाटली. सुरुवातीला कष्ट पडले. आता आपोआप होतं. बघावं तिकडे सपाट आहे.”

हे सांगताना त्यांना अभिमान वाटत होता. तोही छाटलाय, अशी त्यांची समजूत होती.

बुवांनी हिरवळीवरून तळहात फिरवला. एकदा असा, एकदा उलटा.

“कुठलं गवात हाय ह्ये?”

“लॉन आहे, बुवा.”

“ते तुमी केलं. गवात कुठलं?”

पाच वर्षांपूर्वी हेरंबरावांनी नर्सरीतून गवताचे पट्टे आणून अंथरले होते. अर्धे जळून गेले. मधल्या जागेत जमिनीचं आपलं आपलं काहीबाही उगवलं. यंत्राने सगळं एका उंचीला आणलं आणि लांबून ते हिरवं दिसायला लागलं. त्यापुढे नावाची गरज कुणाला पडली नव्हती.

बुवांनी एक पातं खुडलं, दाताखाली धरलं आणि मान हलवली. मठीत येण्याआधी त्यांनी अर्धा जन्म गुरं राखली होती.

“तुरा आल्याबिगार वळखू यायचं न्हाई,” ते म्हणाले. “येक तुरा आना. मंग पुनवेचं बोलू.”

हेरंबराव तडक उठले. दोन एकरांत गवताचा एक तुरा, ही काय परीक्षा झाली?

आधी त्यांनी कॅरॅव्हॅनच्या खाली पाहिलं. तिथे यंत्र शिरत नव्हतं, पण ऊनही शिरत नव्हतं. फिकट पिवळ्या काड्या होत्या, तुरा नव्हता. मग ते तारेच्या कडेने सगळा काठ फिरले. तो काठ दर रविवारी ते स्वतःच हातयंत्राने साफ करत. नळापाशी पाहिलं, विजेच्या खांबांच्या बुडाशी पाहिलं. त्यांनी काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीला ते गुडघ्यांवर आले. पन्नाशी उलटलेला मालक आपल्याच हिरवळीवर रांगतोय, हे बघायला मंगळवार असल्यामुळे कुणी नव्हतं, ते बरंच झालं.

पण एक गोष्ट झाली. इतक्या जवळून त्यांनी आपलं गवत कधी पाहिलं नव्हतं. ते एक नव्हतंच. एकाचं पातं खरखरीत होतं, एक जमिनीला धरून सरपटत होतं, एकाच्या बुडाशी लाली होती. हे कुठून आलं असेल? कुणी आणलं, पाखरांनी की वाऱ्याने? हेरंबरावांना नवल वाटलं, आणि नवल वाटतंय याची मजाही वाटली. मग आठवण झाली, तसं त्यांनी तेही छाटलं.

राहता राहिली ती त्यांची स्वतःची कॅरॅव्हॅन. तिच्या मागच्या बाजूला कपडे वाळत घालायची दोरी होती आणि तिकडे त्यांचं कधी जाणं होत नसे. ते वळसा घालून गेले आणि थबकले.

जमिनीवर सात-आठ विटा गोल मांडून ठेवल्या होत्या. त्या गोलात गुडघाभर गवत होतं. आणि प्रत्येक काडीच्या टोकाला बोटांसारख्या पाच-सहा फाट्यांचा जांभळट तुरा. एक यंत्र आलं, विटेला टेकलं आणि वळून निघून गेलं.

कुमुद दोरीवरचे कपडे काढत होती.

या विटा कुणी ठेवल्या, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, मीच ठेवल्या. केव्हा? तर हा तिसरा पावसाळा. त्यांच्या तोंडावर आलं होतं, की यानं सगळ्या लॉनची शोभा जाते. पण ते कामासाठी आले होते.

“कुठलं गवत आहे हे?”

कुमुदने हातातली चादर खाली केली आणि त्यांच्याकडे पाहिलं. चष्मा कुठे आहे आणि पाहुणे किती येणार आहेत, याखेरीज त्यांनी तिला काही विचारल्याला बरेच दिवस झाले होते.

“मारवेल,” ती म्हणाली. जवळ येऊन तिने एक काडी वाकवली आणि पेरावरची पांढरी लव त्यांना दाखवली. तिच्या माहेरी बांधावर हेच असायचं. म्हशी पेंड बाजूला सारून हे खायच्या. ती हे सांगत होती आणि हेरंबराव ऐकत होते. म्हशी होत्या, हे त्यांना लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर आज कळत होतं.

त्यांनी एक तुरा खुडला. ते निघाले, तेव्हा ती त्याच आवाजात म्हणाली, “तुम्ही जायचं म्हणालात ना, तेव्हा मला राग आला होता. फार आला होता. अजून आहे. जाण्याआधी तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.”

हेरंबरावांच्या छातीतून काहीतरी वर आलं. अशा वेळी काय करायचं, याचा तीन वर्षांचा सराव होता.

त्यांनी ते केलं, आणि तुरा घेऊन बुवांकडे गेले.

बुवा अजून तिथेच उकिडवे बसले होते. त्यांनी तुरा हातात घेतला, चुरगळला आणि वास घेतला. त्यांचा चेहरा उजळला.

“मारवेल आहे,” हेरंबराव म्हणाले.

“कुनी सांगितलं?”

“कुमुदनं.”

“आनखी काय म्हनल्या?”

“राग आलाय, म्हणाली.”

“आन् तुमाला?”

“काहीतरी आलं होतं,” हेरंबराव म्हणाले. “लगेच छाटलं.”

“काय हुतं?”

हेरंबरावांनी तोंड उघडलं. राग म्हणावा, तर तो नव्हता. दुःख म्हणावं, तर तशी खात्री देता येईना. तीन वर्षांत असं किती वेळा वर आलं असेल आणि किती वेळा छाटलं असेल, आणि त्यातल्या एकाचंही तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली. या वेळी ती त्यांनी तशीच राहू दिली.

“माहीत नाही, बुवा.”

यंत्र जवळून गेलं. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

“मग...” हेरंबरावांनी विचारलं. “मग पौर्णिमेला येऊ ना मी?”

बुवा गुडघ्यांवर हात टेकून उठले. त्यांनी धोतर झटकलं आणि तुरा हेरंबरावांच्या हातात परत दिला.

“या की,” ते म्हणाले. “पर सोडून काय येनार?”